पित्याला, पुत्राद्वारे, आत्म्यात : ख्रिस्ती प्रार्थनेच्या तीन विभक्त्या

प्रश्न तसे तीन आहेत, पण एकमेकांत अडकलेले. ख्रिस्ती माणसाने प्रार्थना नेमकी कोणाला करायची: पित्याला, येशूला की पवित्र आत्म्याला? तिघांनाही करता येत असेल तर देव तीन झाले नाहीत का? आणि येशू स्वतः देव असेल, तर वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो कोणाची विनवणी करत होता?

पहिल्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. तिघांपैकी कोणालाही हाक मारा, ती एकाच देवाला मारलेली हाक असते. तरी सामुदायिक उपासनेची नेहमीची वाट ठरलेली आहे: पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात. शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ज्याला उद्देशून ती चतुर्थी, ज्याच्या द्वारे ती तृतीया, ज्याच्यात राहून ती सप्तमी. या तीन विभक्त्या नीट कळल्या की त्रैक्याचा, म्हणजे देव एकच पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे तिघे, हा सिद्धांत अर्ध्याहून अधिक कळला, असे माझे ठाम मत आहे. हा सिद्धांत कोणी कागदावर आकडे मांडून काढलेला नाही. माणसे आधी तशी प्रार्थना करत होती. आपण हे जे करतो त्याचा अर्थ काय, हे सांगायला शब्द मागाहून शोधले गेले.

ही वाट बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत आयती सापडते. इफिसकरांस पत्र २:१८ या एका ओळीत तिन्ही टप्पे आहेत: ख्रिस्ताच्या द्वारे, एका आत्म्यात, पित्याजवळ प्रवेश. गंमत म्हणजे पौल तिथे त्रैक्य शिकवायला बसलेला नाही. यहूदी आणि परराष्ट्रीय (यहूदी नसलेले) यांच्यातली भिंत कशी पडली, हे सांगताना ते ओघात आले आहे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय याहून खोल जातो. पंधराव्या वचनात आत्म्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. सव्विसाव्या वचनात, काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपली बाजू मांडतो. चौतिसाव्या वचनात ख्रिस्त देवाच्या उजवीकडे असून मध्यस्थी करतो. म्हणजे प्रार्थना ऐकणारा देव, ती पुढे नेणारा देव, आणि प्रार्थना करणाऱ्याच्या आत ती जागी करणाराही देवच. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे माणूस प्रार्थनेची सुरुवात करत नाही. आधीपासून चालू असलेल्या संवादात त्याला सामील करून घेतले जाते.

आता देव तीन झाले का, हा प्रश्न. पहिले ख्रिस्ती सगळे यहूदी होते आणि ‘आपला देव परमेश्वर एकच’ (बायबलमधले ‘अनुवाद’ हे पुस्तक, ६:४) हे वचन त्यांच्या रोजच्या तोंडात होते. ते सोडायला त्यांच्यातले कोणीही तयार नव्हते. तरीही दगडमार सोसताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन ‘प्रभु येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर’ असे म्हणतो (प्रेषितांची कृत्ये ७:५९). करिंथकरांना ग्रीकमध्ये लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल ‘मारानाथा’, म्हणजे ‘आमच्या प्रभू, ये’, हा अरामी शब्द तसाच ठेवतो. तो ग्रीकमध्ये अनुवाद न होता टिकला, यावरून ही हाक अरामी बोलणाऱ्या अगदी पहिल्या मंडळीतली आहे हे दिसते. इसवी सन ११२च्या सुमारास बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट त्रायानला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला, जणू देवाला गावे तसे, स्तोत्र गातात. पेच हा इथे आहे: देव एकच, आणि तरी येशूची उपासना.

या पेचाचे जे उत्तर चर्चने दिले ते ‘काय’ आणि ‘कोण’ या दोन प्रश्नांत वाटून घेतले की सोपे जाते. देव काय आहे, याचे उत्तर एक: एकच सत्त्व, एकच इच्छा, एकच सामर्थ्य. तो कोण आहे, याचे उत्तर तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. एकाच बाबतीत एक आणि तीन म्हटले असते तर तो विरोधाभास झाला असता. तसे कोणी म्हटलेले नाही. तिघांत फरक फक्त नात्याचा. पिता कोणापासून झालेला नाही, पुत्र पित्यापासून अनादिकाळ जन्मलेला आहे, आत्मा पित्यापासून निघतो. (पश्चिमेकडची कॅथलिक व प्रोटेस्टंट चर्चेस ‘पित्यापासून आणि पुत्रापासून’ म्हणतात, पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस तसे म्हणत नाहीत. तो वाद मोठा आहे, पण रोजच्या प्रार्थनेची दिशा त्याने बदलत नाही.) ‘जन्मलेला’ या शब्दाने बिचकू नये. त्यात शरीरसंबंध नाही, काळ नाही, ‘आधी बाप, मग मुलगा’ असा क्रम नाही.

चौथ्या शतकात या प्रश्नावर जो झगडा झाला तो मुळात उपासनेचा होता. अलेक्झांड्रियाचा आरियस म्हणे की पुत्र ही देवाची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती. त्याला तिथल्याच बिशप अथनासियसने जे उत्तर दिले त्यातला एक धागा सरळ होता: निर्मितीची उपासना म्हणजे मूर्तिपूजा. तुम्ही पुत्राच्या नावाने बाप्तिस्मा देता, त्याची उपासना करता, आणि वर त्याला निर्मित म्हणता. यातले एक काहीतरी सोडा. ३२५ साली निकैयाच्या परिषदेने पुत्र पित्याशी ‘एकसत्त्व’ असल्याचे ठरवले. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने आत्म्याविषयीचे वाक्य वाढवले. त्यात आत्म्यासाठी ‘एकसत्त्व’ हा शब्द वापरलेला नाही. पिता व पुत्र यांच्याबरोबर त्याची उपासना व गौरव केला जातो, एवढेच आहे. उपासनेत जागा बरोबरीची, म्हणून देवत्वही बरोबरीचे. असे विधान देवघरात सुचते, वादाच्या फडात नाही.

कैसरियाचा बिशप बाझिल याच्यावर तर विभक्तीवरूनच आरोप झाला. लोकांबरोबर प्रार्थना करताना तो गौरवाचे वाक्य दोन प्रकारे म्हणे: कधी ‘पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात पित्याला गौरव’, कधी ‘पुत्राबरोबर, पवित्र आत्म्यासह पित्याला गौरव’. विरोधकांचे म्हणणे, अव्यय वेगळे म्हणजे दर्जा वेगळा: ज्याच्यापासून तो मालक, ज्याच्या द्वारे तो हत्यार, ज्याच्यात ती नुसती जागा. ३७५च्या सुमारास बाझिलने पवित्र आत्म्यावर एक ग्रंथच लिहिला आणि बायबलमधून वचनामागून वचन काढून दाखवले की ‘द्वारे’ हे पित्यालाही लागते, ‘पासून’ हे पुत्रालाही लागते. मग त्याने जो निवाडा केला तो आजही कामाला येतो. ‘बरोबर’ म्हणतो तेव्हा आपण देवाची थोरवी सांगतो. ‘द्वारे’ आणि ‘आत’ म्हणतो तेव्हा ती कृपा आपल्यापर्यंत कशी आली ते सांगतो. दोन्ही वाक्ये हवीत. नुसते ‘द्वारे’चे ठेवले तर पुत्र कनिष्ठ वाटू लागतो, नुसते ‘बरोबर’चे ठेवले तर आपण त्या कृपेत कुठून शिरलो ते विसरायला होते.

गेथशेमानेचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुत्र आणि पिता ही एकाच व्यक्तीची दोन रूपे असती, तर ‘अब्बा, हा प्याला माझ्यापासून दूर कर’ (मार्क १४:३६) हे स्वगत ठरले असते, शिष्यांना दाखवण्यापुरते. ख्रिस्ती विश्वास तसे मानत नाही. पुत्र खरोखर पित्याशी बोलतो आहे. देहधारणेआधी, जग निर्माण होण्याआधीही पुत्र पित्याकडे तोंड करूनच होता. माणूस झाल्यावर तेच नाते त्याने माणसाच्या भाषेत, घामाघूम होत, भीतीसकट जगले. आणि शिष्यांनी ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकव’ म्हटल्यावर त्याने आपलीच हाक त्यांच्या हाती दिली: ‘हे आमच्या पित्या’. तो जन्माने पुत्र आहे, आपण दत्तक. हाक मात्र एकच. प्रभूच्या प्रार्थनेत त्रैक्याचे नाव कुठेही नाही, पण ती म्हणणारा माणूस पुत्राच्या जागी उभा राहून, आत्म्याच्या बळाने, पित्याशी बोलत असतो. दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या ‘दिदाखे’ या छोट्या नियमपुस्तिकेत ही प्रार्थना दिवसातून ३ वेळा म्हणावी असे सांगितले आहे. नव्याने शिकणाऱ्याला आजही यापेक्षा चांगला नेम सुचवता येणार नाही.

आता प्रत्यक्ष प्रार्थनेकडे. मिस्सेत (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) किंवा प्रभुभोजनाच्या उपासनेत मुख्य प्रार्थना पित्यालाच असते. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो इथे ३९३ साली भरलेल्या परिषदेने तसा नियमच केला: वेदीपाशी उभे असताना प्रार्थना नेहमी पित्याला उद्देशून असावी. रोमन परंपरेत याजक जी छोटी ‘समुच्चय प्रार्थना’ म्हणतो ती या वळणाचा उत्तम नमुना आहे. तिचे पाच भाग असतात: संबोधन, देवाच्या एखाद्या कृत्याची आठवण, एकच मागणे, त्या मागण्याचा हेतू, आणि समाप्ती. मराठीत ती अशी रचता येते:

‘हे दयाळू पित्या, तू रानात आपल्या लोकांना रोजचा मान्ना रोज दिलास. या पावसाळ्यात रोजगार बुडालेल्या घरांची चूल पेटती ठेव, म्हणजे उद्याच्या घोरातून सुटून ती तुझे उपकार मानतील. हे आम्ही तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या द्वारे मागतो. तो तुझ्याबरोबर, पवित्र आत्म्याच्या ऐक्यात, एकच देव असा युगानुयुग जगतो व राज्य करतो. आमेन.’

आठवण आणि मागणे यांचा सांधा जुळला पाहिजे. भाकर मागायची तर मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेले अन्न, आठवावा; लाल समुद्र दुभंगून केलेली सुटका नव्हे. मागणे एकच ठेवावे. चार मागण्या कोंबल्या की ‘आमेन’ कशाला म्हणायचे ते लोकांना कळत नाही. सगळी प्रार्थना एका मिनिटाच्या आत संपावी. समाप्ती संबोधनाप्रमाणे बदलते. पित्याला सुरुवात केली असेल तर ‘याच्या द्वारे’. मधल्या भागाच्या शेवटी पुत्राचे नाव आले असेल तर पुन्हा न घेता ‘जो तुझ्याबरोबर जगतो व राज्य करतो’. प्रार्थना मुळातच येशूला असेल तर ‘तू जो पित्याबरोबर, पवित्र आत्म्याच्या ऐक्यात जगतोस व राज्य करतोस’. तोंडी प्रार्थनेत चुका बहुतेक इथेच होतात. सुरुवात ‘हे स्वर्गीय पित्या’, मध्येच ‘प्रभु येशू’ असे वळण, आणि शेवटी ‘तुझ्या नावाने मागतो’. आता हे ‘तुझ्या’ कोणाचे? उपाय सोपा आहे: पहिले संबोधन धरून ठेवायचे आणि बदलायचेच असेल तर थांबून, नवे वाक्य सुरू करून बदलायचे.

दुसरी चूक अधिक गंभीर: ‘हे पित्या, तू आमच्यासाठी वधस्तंभावर मरण पावलास.’ भावनेच्या भरात हे सहज तोंडून जाते. पण वधस्तंभावर पुत्र मेला, पिता नव्हे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजच्या तर्तुलियनने प्रक्सेयस नावाच्या शिक्षकावर नेमका हाच ठपका ठेवला होता की त्याने पित्याला वधस्तंभावर चढवले. बरोबर वाक्य असे: ‘हे पित्या, तू आपला पुत्र आमच्यासाठी दिलास.’

तिसरी बाब ‘येशूच्या नावाने’ या शब्दांची. ते प्रार्थनेच्या शेवटी मारायचे शिक्क्याचे शब्द नाहीत. मुखत्यारपत्र घेऊन दुसऱ्याच्या नावाने व्यवहार करणारा माणूस त्या पत्राने दिलेल्या अधिकारातच सही करू शकतो, तसेच हे. येशूने जे मागितले असते ते त्याच्या अधिकाराने मागणे, असा त्याचा अर्थ. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये स्किवाचे ७ मुलगे हे नाव मंत्रासारखे वापरायला जातात आणि उघडेवाघडे, जखमी होऊन पळतात.

मग येशूशी थेट बोलू नये का? बोलावे. स्तेफन बोलला, पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी प्रभूला तीनदा विनवले (२ करिंथकरांस १२:८). पूर्वेकडच्या मठांत ‘प्रभु येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हे एकच वाक्य श्वासाच्या लयीत शतकानुशतके जपले गेले. आपल्याकडे नारायण वामन टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त हा माउली आणि सखा होऊन येतो, आणि भजनाचा तो स्वभावच आहे. त्याच मराठीत १६१६ साली आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मात्र ‘देवा बापा’ला नमन करून सुरू होते. भजनात ख्रिस्ताशी जवळीक, उपासनेत पित्याकडे तोंड: दोन्ही सवयी एकाच घरात नांदू शकतात. पवित्र आत्म्याला उद्देशून नव्या करारात थेट प्रार्थना आढळत नाही. तिथला नमुना पित्याजवळ आत्मा मागण्याचा आहे (लूक ११:१३). पण तो देव आहे हे मान्य केल्यावर त्याला ‘ये’ म्हणण्यात आडकाठी उरत नाही, आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडे तशी जुनी स्तोत्रे आहेत. एवढे पाहावे की आत्म्याला ‘ती शक्ती’ किंवा ‘ते’ म्हटले जाणार नाही. तो खिन्न होतो (इफिसकरांस ४:३०) आणि आपल्या इच्छेप्रमाणे दाने वाटतो (१ करिंथकरांस १२:११). वीज खिन्न होत नाही.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोक मरियेला आणि संतांना हाक मारतात, ती याच चौकटीत बसते का, असाही संशय असतो. क्रियापद पाहा. संतांच्या विनवणीमालेत पिता, पुत्र, आत्मा आणि पवित्र त्रैक्य यांच्या नावांनंतर लोक ‘आम्हावर दया कर’ म्हणतात. मरिया आणि संतांच्या नावांनंतर ‘आम्हासाठी विनंती कर’. दया करणारा देव, विनंती करणारे सोबती. प्रोटेस्टंट मंडळ्या ही दुसरी हाक मारत नाहीत, पण पहिली आणि दुसरी यांत घोळ नाही हे तरी मान्य व्हावे.

मराठीत या विषयावर बोलताना एक शब्द जपून वापरावा. ‘व्यक्ती’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तीन वेगळी माणसे येतात, तीन मने, तीन मते. मूळ ग्रीक व लॅटिन शब्दांत तो अर्थ नाही. दुसरा शब्द नाही म्हणून ‘व्यक्ती’च वापरायचा, पण लगेच जोडून सांगायचे की इच्छा एक, कृती एक. उलट मराठीचा एक प्रत्यय फार उपकारक आहे. मत्तय २८:१९ मध्ये ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ आहे, ‘नावांनी’ नाही. ग्रीकमध्येही एकवचनच आहे. तिघे, आणि नाव एक.

उपमा शक्यतो टाळाव्यात. पाणी, बर्फ, वाफ म्हटले की एकच देव तीन वेषांत येतो असे होते, आणि मग गेथशेमाने पुन्हा नाटक ठरते. बेलाचे त्रिदळ म्हटले की प्रत्येक पान एकतृतीयांश देव होते. ख्रिस्ती शिकवणीत पुत्र हा पूर्ण देव आहे, देवाचा भाग नव्हे. ब्रह्मा-विष्णू-महेशांशी तुलना सुचणे स्वाभाविक आहे, पण तिथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामे वाटलेली आहेत. त्रैक्यात कामे वाटलेली नाहीत: निर्मिती तिघांची, तारण तिघांचे. त्याहून जवळ जाणारा प्रयत्न बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ साली केला. सत्, चित्, आनंद या शब्दांत त्यांनी त्रैक्याचे संस्कृत स्तोत्र रचले. ते गायला सुंदर आहे; शिकवायला घेतले तर सत्, चित्, आनंद हे गुण आणि पिता, पुत्र, आत्मा ही नाती, एवढा फरक सांगावा लागतो.

शरीरालाही यात काम आहे. कॅथलिक पद्धतीत क्रुसाची खूण करताना उजवा हात कपाळाला, छातीला, मग डाव्या आणि उजव्या खांद्याला. ग्रीक व रशियन ऑर्थोडॉक्स लोक उजवा खांदा आधी घेतात आणि अंगठा व दोन बोटे एकत्र जुळवतात ती त्रैक्यासाठी. उरलेली दोन तळव्याला टेकवतात ती ख्रिस्ताच्या देव आणि माणूस या दोन स्वभावांसाठी. खूण माशी हाकलल्यासारखी होते ती शब्दांच्या पुढे हात गेल्यामुळे. एकेका नावाला हात थांबला पाहिजे. स्तोत्रसंहितेतले स्तोत्र म्हणून झाल्यावर ‘पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो’ म्हणताना मान लववण्याची रीत आहे. त्या एका ओळीने यहूदी स्तोत्र ख्रिस्ती प्रार्थना होते. मुंबई-पुण्यातल्या केरळी सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेलात तर ‘पवित्र देवा, पवित्र बलवंता, पवित्र अमरा’ या जुन्या गजरात ‘आमच्यासाठी वधस्तंभावर खिळलेल्या’ ही जोड ऐकू येईल. ग्रीक परंपरेत हा गजर त्रैक्याला आहे, म्हणून तिथे ती जोड खटकते. सिरियन परंपरेत तो पुत्रालाच आहे, म्हणून तिथे ती बरोबर बसते. संबोधन कोणाला, एवढ्याने एक ओळ चूक की बरोबर ते ठरते.

आजाऱ्याच्या खाटेशी लांब प्रार्थना करू नये. क्रुसाची खूण किंवा ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ एवढे शब्द सावकाश, आजाऱ्याचे नाव घेऊन पित्याला एक वाक्य, मग निदान अर्धा मिनिट गप्प, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मधला अर्धा मिनिट कोणी बोलून भरू नये. रोमकरांस पत्रातल्या त्या कण्हण्याची ती वेळ असते.